काटेरी पट्टा: बसवण्याआधी, बसवताना आणि काढताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. शेरू हा अडीच वर्षांचा, 34 किलो वजनाचा, जर्मन शेफर्डच्या मिश्र जातीचा नर आहे. रस्त्यात मांजर दिसताच त्याने आपल्या 67 वर्षांच्या वडिलांना फरफटत नेले आणि त्यांचे मनगट दुखावले. त्यानंतर एका परिचितांनी आतल्या बाजूला दाते असलेला साखळीचा पट्टा, म्हणजे प्राँग कॉलर, आणून दिला. तो आपण घातला, पहिल्याच हिसक्याला शेरू केकाटला आणि आपण घाबरून पट्टा काढून ठेवला. तो किती घट्ट बसवायचा, किती वेळ ठेवायचा आणि त्याने इजा होते का, असे आपण विचारले आहे. गेली बावीस वर्षे मी पुण्यात कुत्र्यांना आणि त्यापेक्षा अधिक त्यांच्या मालकांना शिकवत आलो आहे. हा पट्टा मी पूर्वी सर्रास वापरत असे, आता वर्षाकाठी एखाद-दुसऱ्या कुत्र्यासाठीच वापरतो. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचे उत्तर कोणत्या हाताने लिहिले आहे ते आपल्याला कळेल.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. हा पट्टा कुत्रीने पिल्लाची मान दातांत धरण्याची नक्कल करतो, त्यामुळे कुत्र्याला तो नैसर्गिक वाटतो, असे विक्रेते सांगतात. हे खरे नाही. हा पट्टा परिणाम साधतो तो मानेला नकोसा, प्रसंगी वेदनादायक दाब देऊन. कुत्रा ओढायचे थांबवतो कारण ओढले की टोचते. हे मान्य करूनच तो हातात घ्यावा, कारण ज्याला हे मान्य नसते तो टोचणीचे प्रमाण कधीच मोजत नाही. नावाबाबतही एक खुलासा करतो. हिमालयातील मेंढपाळ आपल्या राखणीच्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, पण त्याचे काटे बाहेर असतात आणि ते बिबट्यासाठी असतात. आपल्या हातातील पट्ट्याचे दाते आत आहेत, म्हणून दोन्हींना ‘काटेरी पट्टा’ म्हटले तरी त्यांचा संबंध नाही.

आता रचना पाहू, कारण बसवण्यातील बहुतेक चुका रचना न समजल्याने होतात. पट्टा तारेच्या सुट्या कड्यांचा बनलेला असतो. प्रत्येक कडीला बोथट टोकांचे दोन दाते असतात आणि ते शेजारच्या कडीच्या फासात अडकून पुढे आत वळतात. दोन टोकांच्या कड्यांना एक छोटी साखळी जोडलेली असते. लीश, म्हणजे कुत्र्याला धरायची दोरी, ओढली की ही साखळी आवळते आणि पट्ट्याचा घेर कमी होतो, मात्र साखळीच्या लांबीइतकाच. चोक चेन ओढाल तितकी आवळत जाते, तसे येथे होत नाही. चोक चेनपेक्षा हा पट्टा सुरक्षित असल्याचा दावा या मर्यादेवर आणि दाब मानेभोवती अनेक ठिकाणी विभागला जातो या गोष्टीवर उभा आहे. दाव्यात तथ्य आहे, परंतु तो पट्टा योग्य मापाचा, योग्य जागी आणि चांगल्या बनावटीचा असेल तरच लागू पडतो.

बनावटीबद्दल सांगायचे तर, जर्मनीतील इझरलोन येथील हर्म श्प्रेंगर ही 1872 पासूनची कंपनी या पट्ट्यांसाठी ओळखली जाते आणि आपल्याकडच्या बाजारात मिळणारे बहुतांश पट्टे तिच्या रचनेच्या स्वस्त नकला असतात. नकलेमध्ये दात्यांची टोके गोल घासलेली नसून नुसती कापलेली असतात, तार मऊ असल्याने कडी ताणाखाली उघडते आणि मुलामा उडाला की पहिल्याच पावसाळ्यात गंज चढतो. परीक्षा सोपी आहे. प्रत्येक दाता आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूने ओढून पाहा. ओरखडा उठला तर तो पट्टा भंगारात टाका, कानशीने घासून वापरू नका. चांगल्या पट्ट्यात मध्यभागी एक गुळगुळीत चपटी पट्टी असते. ती नरड्यासमोर यावी, म्हणजे श्वासनलिकेवर दाते येत नाहीत, अशी तिची योजना आहे. तारेच्या जाडीबाबत लोक नेहमी उलटे करतात. कुत्रा मोठा म्हणून 4 मिलिमीटरचा जाडजूड पट्टा घेतात. मात्र शेरूएवढ्या कुत्र्यालाही 2.25 मिलिमीटरची, फार तर 3 मिलिमीटरची तार पुरते. बारीक तारेच्या पट्ट्यात कड्या लहान आणि संख्येने जास्त असतात, त्यामुळे तो मानेच्या गोलाईला नीट चिकटून बसतो आणि दाब अधिक ठिकाणी वाटला जातो.

माप मानेच्या सर्वांत वरच्या भागाचे घ्यायचे: कानांच्या लगेच मागून, जबड्याच्या खालून. नेहमीचा पट्टा जिथे रुळतो ते माप येथे चालत नाही, कारण कुत्र्याची मान खाली रुंद होत जाते. मापाला पट्टा कमी-जास्त करायचा तो कड्या काढून किंवा घालून. एका कडीचे दोन्ही दाते चिमटीत एकमेकांकडे दाबले की ते शेजारच्या फासातून निसटतात. घालताना तेच उलट करायचे. पट्टा डोक्यावरून ओढून घालायचा किंवा काढायचा नाही. डोक्यावरून जातो आहे याचा अर्थच तो सैल आहे, आणि शिवाय दाते डोळ्यांच्या व कानांच्या पाळीवरून घासत जातात. दर वेळी कडी उघडून मानेभोवती बंद करावी. सुरुवातीला बोटे दुखतात, आठवड्याभरात हात बसतो.

घट्टपणाची कसोटी अशी आहे. लीश लावलेली नसताना सर्व दाते केसांतून कातडीला टेकलेले असावेत, परंतु कुठेही रुतलेले नसावेत. पट्टा वर कानांमागे ठेवून कुत्र्याला मान हलवू द्या, अंग झटकू द्या, खाली वाकून हुंगू द्या. एवढे होऊनही तो खांद्यांकडे घसरला नाही तर माप बरोबर आहे. घसरला तर एक कडी कमी करा. कडी कमी केल्यावर दाते विश्रांतीच्या स्थितीतच कातडी दाबू लागले, तर मधल्या मापासाठी वेगळ्या लांबीची कडी शोधा किंवा दुसऱ्या जाडीचा पट्टा घ्या. ‘एवढंच चालतंय’ म्हणून पुढे जाऊ नका. चपटी पट्टी समोर नरड्याशी आणि साखळी मानेच्या मागे, किंचित उजव्या कानाकडे, अशी स्थिती असावी.

आपला शेरू केकाटला त्याचे कारण मला बहुधा येथेच दिसते. आपण लिहिले आहे की दया येऊन पट्टा मुद्दाम ढिला ठेवला होता. ढिला पट्टा मानेच्या तळाशी जाऊन बसतो. लीश ओढली की तो मोकळे अंतर तोडून वेगाने आदळतो आणि सगळे दाते एकदम लागतात. नीट बसलेल्या पट्ट्यात हे अंतरच नसल्यामुळे दाब हळूहळू येतो आणि कुत्र्याला तो येताना कळतो. ढिलेपणा ही या पट्ट्याच्या बाबतीत माया ठरत नाही. मी हे स्वतःच्या चुकीतून शिकलो. उमेदवारीच्या वर्षांत एका डॉबरमनला मी असाच सैल पट्टा घातला होता. तो वळला, ढिली कडी तिरकी होऊन उघडली, पट्टा माझ्या हातात लटकत राहिला आणि कुत्रा भर रस्त्यात रिक्षांच्या मधून धावला. तो वाचला, रिक्षावाल्यांनी मला जे सुनावले ते मी आजही योग्यच मानतो.

त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो. काटेरी पट्टा एकटाच कधीही घालायचा नाही. त्याच्या खाली नेहमीचा कापडी किंवा चामडी पट्टा असावा आणि दोन्हींना जोडणारा एक छोटा दुवा असावा. हा दुवा किंचित सैल ठेवायचा, म्हणजे एरवी त्याच्यावर ताण येत नाही, पण वरचा पट्टा उघडला तर कुत्रा खालच्या पट्ट्याने हातात राहतो. लीश अडकवण्याच्या कड्यांबाबतही सांगतो. साखळीवरच्या दोन कड्यांपैकी एकाच कडीत लीश अडकवली की पट्टा पूर्ण आवळतो. दोन्ही कड्यांतून एकत्र अडकवली की आवळणे जवळजवळ थांबते. नवशिक्याने दोन्ही कड्यांपासूनच सुरुवात करावी आणि माझ्या अनुभवात बऱ्याच जणांना पुढे जावेच लागत नाही. लीश दीड ते दोन मीटरची, सुती किंवा चामडी असावी. लांब सुटणारी आणि आपोआप गुंडाळली जाणारी लीश या पट्ट्याला कधीही लावू नये, कारण ती सतत ताण ठेवते आणि शेवटच्या टोकाला कुत्रा पूर्ण वेगात पोचतो. लीश मनगटाला गुंडाळू नये. आपल्या वडिलांचे मनगट त्यामुळेच दुखावले असावे.

आता कोणाला हा पट्टा घालूच नये ते सांगतो, आणि येथे मी अधिक वेळ घेणार आहे. सहा महिन्यांखालील पिल्लू, पग किंवा बुलडॉगसारखा चपट्या नाकाचा कुत्रा, पॉमेरेनियनसारखा श्वासनलिका कमकुवत असण्याची शक्यता असलेला लहान कुत्रा, मानेच्या मणक्यांचा त्रास असलेला किंवा काचबिंदू असलेला कुत्रा, हे सर्व वगळावेत. मानेवर दाब आला की डोळ्यांतील दाबही वाढतो. कान दुखत असेल, आत काळपट मळ असेल, कुत्रा डोके झटकत असेल, तर कानामागे उंचावर बसणारा पट्टा त्याला यातना देतो, आणि तो ओढतो आहे की कानदुखीने हैराण झाला आहे हे आपल्याला वेगळे करता येत नाही. आपल्याकडे विशेष लक्षात ठेवावी अशी गोष्ट गोचिडतापाची आहे. या तापात रक्तातील प्लेटलेट्स घटतात आणि किरकोळ दाबानेही कातडीखाली रक्त साकळते. मागील दोन-तीन महिन्यांत कुत्र्याला गोचिडताप होऊन गेला असेल, तर रक्ततपासणी करून पशुवैद्यांनी हिरवा कंदील दाखवल्याशिवाय या पट्ट्याचा विचारही करू नये. बाजारात हा पट्टा विकणारा कोणीही हे सांगत नाही.

आणखी एक वर्ग असा आहे, जिथे मी स्वतः नकार देतो. भीतीने भुंकणारा, दुसऱ्या कुत्र्यांवर किंवा माणसांवर धावून जाणारा कुत्रा हा त्या वर्गात येतो. आपल्या गल्लीबोळांत भटकी कुत्री पावलोपावली आहेत. त्यांच्याकडे पाहून ताठरलेल्या कुत्र्याला प्रत्येक वेळी मानेत टोचणी मिळाली, तर तो ‘भुंकू नये’ एवढेच शिकेल अशी आपली अपेक्षा असते. तो शिकतो ते ‘समोर कुत्रा आला की मान दुखते’ हे. परिणामी पुढच्या वेळी तो अधिक आधी, अधिक जोरात तुटून पडतो, आणि समोरचा कुत्रा आवाक्याबाहेर असेल तर वळून लीश धरणाऱ्याच्याच पायाला चावतो. शेरूचा राग मांजरापुरताच आहे की भटक्या कुत्र्यांवरही आहे, हे आपण लिहिलेले नाही. दुसरे असेल, तर पुढचा सगळा भाग सोडून द्या आणि वर्तनाचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांना भेटा. दोन कुत्री एकत्र खेळत असतानाही हा पट्टा गळ्यात नको, कारण एकाचा दात किंवा जबडा कड्यांत अडकला की खेळाची मारामारी होते, आणि तेव्हा पट्टा सोडवायला आपला हात मध्ये घालावा लागतो.

वापर सुरू करताना पहिले तीन-चार दिवस पट्टा घालणे म्हणजे काहीच घडत नाही, असे शेरूला वाटले पाहिजे. घरात घालावा, लीश लावू नये, चिकनचे किंवा पनीरचे दोन-चार तुकडे द्यावेत, पाच मिनिटांनी काढावा. नंतर घराच्या मार्गिकेत लीश लावून चालावे. लीश मध्ये खाली लोंबलेली असावी. ती सरळ झाली की आपण थांबायचे. दोन बोटांच्या बळाने हलका दाब द्यावा आणि शेरूने मान आपल्याकडे वळवताच, त्याच क्षणी, दाब सोडून खाऊ द्यावा. कुत्रा शिकतो ते दाब येण्यामुळे नव्हे, दाब सुटण्यामुळे. ज्याला वेळेवर सोडता येत नाही त्याच्या हातात हा पट्टा केवळ टोचत राहतो. हिसका मारणे पूर्ण वर्ज्य आहे. हा पट्टा हिसक्यासाठी नाही आणि हिसका मारावासा वाटणे म्हणजे आपण कुत्र्याला त्याच्या कुवतीबाहेरच्या ठिकाणी आणले आहे. मार्गिकेत जमले की पार्किंगमध्ये पहाटे दहा मिनिटे, तिथे जमले की शांत रस्ता. एका वेळी वीस मिनिटांहून अधिक नको. घरी आल्यावर पट्टा लगेच काढावा. तो घालून कुत्र्याला बांधून ठेवणे, झोपू देणे, गाडीत सोडणे किंवा घरात एकटे ठेवणे यांत जीवही जाऊ शकतो, आणि ही अतिशयोक्ती नाही.

काढल्यावर दोन मिनिटे मान तपासण्याची सवय लावून घ्यावी. केस बाजूला सारून लालसरपणा, खपल्या, केस झडलेले ठिपके पाहावेत. हात फिरवताना कुत्रा कुठे आखडतो का, खोकतो का, हे बघावे. यांपैकी एकही दिसले तर पट्टा बंद. पावसाळ्यात ओल्या दाट केसांखाली टेकलेले दाते कातडीचा ओला दाह सुरू करतात, त्यामुळे भिजलेल्या कुत्र्याला तो घालू नये. मे महिन्यात बंद गाडीत राहिलेला धातूचा पट्टा आधी आपल्या गालाला लावून पाहावा. रबरी टोप्यांबद्दल अनेक जण विचारतात. त्या दात्यांवर बसवल्या की पट्टा आतून जाड होतो, म्हणजे माप पुन्हा तपासावे लागते. त्या निखळतात आणि एखादा कुत्रा त्या गिळतो. मुळात बोथट, गोल दात्यांना टोप्यांची गरज नसते आणि टोकदार दात्यांचा पट्टा टोप्यांनी सुरक्षित होत नाही. त्यांचा मुख्य उपयोग मालकाच्या मनाला दिलासा देणे हा आहे.

कालमर्यादेबाबत माझे मत ठाम आहे. सहा ते आठ आठवड्यांत लीश खालच्या साध्या पट्ट्याला लावता आली पाहिजे आणि काटेरी पट्टा नुसता गळ्यात राहून नंतर निघाला पाहिजे. दोन महिन्यांनंतरही तो लागत असेल, तर कुत्रा शिकलेला नाही, तो फक्त अडवला गेला आहे. अशा वेळी अधिक जाड तारेचा पट्टा घेण्याचा मोह होतो, कारण मान त्या दाबाला सरावते. तो मोह होणे हीच थांबण्याची वेळ आहे.

कायद्याची स्थिती देशागणिक वेगळी आहे आणि आपले काही वाचक परदेशी राहतात म्हणून थोडे लिहितो. ऑस्ट्रियात आणि स्वित्झर्लंडमध्ये या पट्ट्यांना मनाई आहे. जर्मनीत 1 जानेवारी 2022 पासून कुत्र्यांच्या प्रशिक्षणात ते वापरता येत नाहीत, म्हणजे ज्या देशाच्या कारखान्यातून हे पट्टे जगभर गेले तिथल्या कायद्यानेच त्यांना दूर केले. कॅनडाच्या क्विबेक प्रांतात 2024 पासून बंदी आहे. येथून कुत्रा सोबत घेऊन म्युनिक किंवा फ्रँकफर्टला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी हा पट्टा सामानात ठेवू नये. भारतात 1960 च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली प्राण्याला विनाकारण वेदना देणे हा गुन्हा आहे, आणि सुजलेल्या मानेचा कुत्रा हा त्याचा पुरावा ठरू शकतो.

आता आपल्या घराकडे वळतो. शेरूला फिरवणारे आपले वडील असतील, तर मी हा पट्टा सुचवणार नाही, मग तो कितीही उत्तम बसवला तरीही. 34 किलोचा कुत्रा सुटला तर त्यांना आवरता येणार नाही आणि तोल सांभाळण्यासाठी ते लीश धरून ठेवतील, म्हणजे ताण कायम राहील आणि पट्टा कायम टोचत राहील. त्यांच्यासाठी छातीवर समोर कडी असलेला हार्नेस घ्या. ओढताच कुत्रा बाजूला वळतो आणि जोर कमी होतो. हार्नेस काखेत घासत नाही ना ते पाहा. सकाळच्या फेरीआधी दहा मिनिटे गच्चीवर किंवा अंगणात खाऊ शोधायला लावा. अडीच वर्षांच्या शेफर्डची बरीचशी ओढ ही न खर्चलेल्या ताकदीची असते. मांजराचा कोपरा ठरलेला असेल तर महिनाभर रस्ता बदला. पट्ट्याचे काम आपण स्वतः, वडिलांच्या फेऱ्यांव्यतिरिक्त, दिवसातून एकदा करावे, आणि तेही पशुवैद्यांनी मान, कान व रक्त तपासल्यावरच.

तोपर्यंत मानेचा घेर सेंटिमीटरमध्ये, कानांमागून मोजलेला, तसेच पट्ट्याच्या तारेची जाडी आणि कड्यांची संख्या लिहून कळवा. दात्यांच्या टोकांचे जवळून काढलेले छायाचित्रही पाठवा. परिचितांनी दिलेला पट्टा नकली निघण्याची शक्यता मला अधिक वाटते आणि तसे असेल, तर मापाचा प्रश्नच उरणार नाही.